फिल्टर धुवा, पण जिवाणू सांभाळून

दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या माशांच्या टाकीचाही नंबर लागतो. मासे बादलीत काढले जातात, टाकी रिकामी होते, गोटे नळाखाली खळाखळा धुतले जातात, फिल्टरचा स्पंज पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला जातो. संध्याकाळी टाकी दुकानातल्यासारखी चकचकीत दिसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होतं, मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि आठवडाभरात दोन-तीन जातात. घरातले हळहळतात, एवढी मेहनत घेऊन टाकी स्वच्छ केली आणि तरी असं कसं झालं? त्याचं उत्तर त्या पिळून काढलेल्या स्पंजात आहे. ज्यांनी नुकतीच टाकी घेतली आहे किंवा घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी माशांच्या जाती पाठ करण्याआधी एवढं समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

मासे कल्ल्यांमधून सतत अमोनिया बाहेर टाकत असतात. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतानाही त्यात माशांचे कल्ले जाळण्याइतका अमोनिया असू शकतो. नदीत तो विरून वाहून जातो, दोन फुटी टाकीत मात्र त्याला जायला जागाच नसते. तिथं हे काम जिवाणू करतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारी आहे, कारण माशाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद त्यानं घटते. नायट्रेट त्या मानानं बरंच सौम्य असतं. पाणी बदललं किंवा टाकीत झाडं वाढवली की ते आटोक्यात राहतं.

हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, निदान कामापुरते तरी नाहीत. स्पंजाच्या छिद्रांत, सिरॅमिक रिंगांवर, रेतीच्या कणांवर ते पातळ चिकट थर करून राहतात. म्हणून टाकीतलं पाणी बदलल्यानं त्यांचं फारसं बिघडत नाही, पण स्पंज नळाखाली धुतल्यानं सगळं बिघडतं. शिवाय ते वाढतात फार सावकाश. ई. कोलायसारखा जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. आपल्या फिल्टरमधल्यांना दुप्पट व्हायला अर्ध्या दिवसापासून दोन-दोन दिवसही लागतात. एका दुपारी धुऊन टाकलेली वसाहत परत उभी राहायला त्यामुळे आठवडे जातात, आणि तोवर टाकीतले मासे त्या विषातच श्वास घेत असतात.

फिल्टर कोणता घ्यावा

पहिल्या टाकीसाठी माझं मत स्पंज फिल्टरच्या बाजूनं आहे. एअर पंप, एक नळी आणि एक स्पंज, बस्स. स्वस्त पडतो, पिल्लं ओढली जात नाहीत, पाण्यात हवाही मिसळते आणि सगळा स्पंज जिवाणूंचं घर होतो. घेताना दोन स्पंज असलेला घ्या. एक धुताना दुसरा तसाच ठेवता येतो, हा त्याचा खरा फायदा. पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं येऊन पंपात शिरतं.

आपल्याकडच्या दुकानांत सर्रास मिळतो तो टॉप फिल्टर, म्हणजे वर आडवी ठेवायची, पांढरं वूल भरलेली पन्हाळ. गोल्डफिशसारख्या भरपूर घाण करणाऱ्या माशांना तो चांगला. फक्त त्यात नुसतं वूल भरू नका, कारण वूल दर आठवड्याला काढून फेकावं लागतं आणि त्याच्याबरोबर जिवाणूही जातात. तळाशी सिरॅमिक रिंगांचा किंवा जाड स्पंजाचा थर द्या, त्यावर वूल. वूल घाण अडवतं, रिंगा जिवाणू सांभाळतात. काचेवर लटकवायचा हँग-ऑन फिल्टर लहान टाकीला छान चालतो. कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, तीन-चार फुटी टाकी घ्याल तेव्हा पाहू. गोट्यांखाली ठेवायच्या प्लेटचा जुना फिल्टर नव्या माणसानं टाळावा. त्याखाली साचलेला गाळ काढायचा तर अख्खी टाकी उपसावी लागते.

मासे आणण्याआधीचा दीड महिना

दुकानदार टाकी, गोटे, फिल्टर आणि मासे एकाच दिवशी द्यायला तयार असतात. मासे त्या दिवशी आणू नका. रिकाम्या टाकीत फिल्टर लावून जिवाणू वाढवून घ्यायचे, याला या छंदातली मंडळी टाकी सायकल करणं म्हणतात. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

सगळ्यात सोपा मार्ग विरजणाचा. ओळखीत कुणाची वर्षभर चाललेली, निरोगी टाकी असेल, तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर रिंगा मागून आणा. त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवलेल्या पिशवीतून आणा, वाटेत सुकू देऊ नका, घरी येताच आपल्या फिल्टरमध्ये घाला. चार-सहा आठवड्यांचं काम बरेचदा एक-दोन आठवड्यांत होतं. पण त्या टाकीत रोगी मासे असतील तर हे विरजण नको.

असं कुणी नसेल तर जिवाणूंना खायला अमोनिया आपणच द्यायचा. रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू देणं ही एक रीत, पण त्यात किती अमोनिया झाला याचा अंदाज येत नाही. मी अमोनियम क्लोराइड वापरा असं सांगेन. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानात शुद्ध मिळतं. कल्हईसाठी मिळणारा नवसागर म्हणजे तेच रसायन, पण त्याच्या शुद्धतेची खात्री नसते, म्हणून तो नको. ३ ग्रॅम पूड १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून बाटलीत भरून ठेवा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे ५० लिटर पाणी बसतं. तिला या द्रावणाचे १० मिलिलिटर दिले की अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास येतो.

आता थेंबांचं टेस्ट किट लागेल, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट तिन्हींचं. माशांवर पैसे घालण्याआधी यावर घाला. पहिले काही दिवस अमोनिया हलणारच नाही. मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढतं, किटमधला रंग चांगला गडद जांभळा होईपर्यंत चढतं. इथं बहुतेकांचा धीर सुटतो. दुसऱ्या गटाचे जिवाणू उशिरा जम बसवतात, त्यांना वेळ द्या. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढाच डोस द्या. डोस दिल्यापासून २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले की फिल्टर तयार. निम्म्याहून जास्त पाणी बदला आणि मग मासे आणा, तेही एकदम दहा-बारा नव्हे, आधी तीन-चार.

बाटलीतले जिवाणूही बाजारात मिळतात. मदत होऊ शकते, भरवसा ठेवू नका. नायट्राइट संपवणारा जिवाणू म्हणून पूर्वी नायट्रोबॅक्टरचंच नाव घेतलं जाई. टिमथी होव्हनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिलं, की गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम प्रामुख्यानं नायट्रोस्पायरा वर्गातले जिवाणू करतात. पुढं २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतची दोन्ही कामं एकटीच करणारी नायट्रोस्पायराही सापडली. तेव्हा लेबलवर कोणतं नाव आहे ते वाचा, आणि बाटली ओतली तरी टेस्ट करत राहा.

डिसेंबर-जानेवारीत टाकी सुरू करत असाल तर हीटर लावून पाणी २७-२८ अंशांवर ठेवा. पुण्यातल्या त्या रात्री १०-१२ अंशांपर्यंत उतरतात, आणि गार पाण्यात जिवाणू फार मंदावतात.

पुण्याचं पाणी, दोन प्रकारचं

तुमच्या नळाला कुठलं पाणी येतं हे आधी विचारून घ्या. पेठा, कोथरूड, सिंहगड रस्ता अशा भागांत महापालिकेचं, खडकवासला साखळीतल्या धरणांचं पाणी येतं. घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचं हे पाणी हलकं, म्हणजे क्षार कमी असलेलं. वाघोली, उंड्री किंवा नव्यानं वाढलेल्या इतर भागांतल्या सोसायट्यांमध्ये बरेचदा टँकरचं किंवा बोअरचं पाणी असतं, ते जड. दोन्हींत मासे छान राहतात, पण काळजी वेगवेगळी घ्यावी लागते.

हलक्या पाण्याचा धोका फार कमी जण सांगतात. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा पाण्यातली क्षारताही, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकदही, खर्च होते. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागं सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता जाते. धरणाच्या पाण्यात ती मुळात बेताची. पाणी बदलायचा कंटाळा केला, तर दोन-तीन महिन्यांत पीएच घसरत साडेसहाच्या खाली येतो आणि जिवाणूंचं काम थंडावतं. टाकी वरवर ठीक दिसते, आणि आत अमोनिया साठत जातो. उपाय सोपा आहे. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, आणि फिल्टरमध्ये कोरलचा चुरा भरलेली छोटी जाळीची पिशवी ठेवा. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी मात्र टाकीत भरू नका. त्यात क्षार जवळपास उरलेलेच नसतात.

बोअरच्या पाण्याचं उलट. पीएच सहसा चढा असतो, आणि चढ्या पीएचला अमोनिया जास्त विषारी. २५ अंश तापमानाला, पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच ५ टक्क्यांवर जातो. म्हणजे किटवर तोच आकडा दिसत असला तरी बोअरच्या पाण्यातल्या माशाला सुमारे दहापट विष सोसावं लागतं. अशा घरी फिल्टर धुण्यात हयगय नको.

दोन्ही पाण्यांत लक्ष ठेवायचं ते क्लोरीनवर. माणसांसाठी ते आवश्यक आहे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गिलियन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळले, तेव्हा पाण्यात पुरेसं क्लोरीन का हवं हे पुण्यात सगळ्यांनाच कळलं. पण जिवाणू मारण्यासाठी घातलेलं क्लोरीन आपलेही जिवाणू मारतं आणि माशांचे कल्ले भाजतं. पाणी २४ तास उघड्या बादलीत एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा खडा) लावून ठेवा, किंवा अँटी-क्लोरीन घाला. दुकानात त्या नावानं मिळणारे पांढरे खडे म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट, फोटोग्राफीतला हायपो. १ मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण ७ मिलिग्रॅम हायपो धरतात, त्यामुळे २० लिटरच्या बादलीला लहानशी चिमूट पुरते. टँकरवाल्यांनी टाकीत ब्लीचिंग पावडर घातलेली असू शकते. क्लोरीनचा वास येत असेल तर त्या दिवशी पाणी बदलूच नका.

पावसाळ्याच्या सुरुवातीला धरणाचं पाणी गढूळ येतं, तेव्हाही एक-दोन दिवस थांबलेलं बरं. महापालिका देखभाल-दुरुस्तीसाठी बहुतेकदा गुरुवारी पाणी बंद ठेवते आणि शुक्रवारी ते उशिरा, कमी दाबानं येतं. पाणी बदलण्याचा दिवस रविवार ठेवला की ही कटकटच राहत नाही.

धुण्याची रीत

आता मुख्य काम. फिल्टर कधी धुवायचा हे कॅलेंडरवरून ठरवू नका, प्रवाहावरून ठरवा. बुडबुडे कमी झाले, धार बारीक झाली, स्पंज हलवताच गाळ उडायला लागला, की धुवायची वेळ झाली. मध्यम भरलेल्या टाकीत स्पंजाला तीन-चार आठवडे लागतात.

टाकीसाठी एक बादली वेगळी ठेवा आणि तिच्यावर मार्करनं मोठ्या अक्षरात ‘मासे’ लिहा. या बादलीला साबण, फिनेल, पोछा कधीही लागता कामा नये. कामाला येणाऱ्या मावशींनाही ती दाखवून ठेवा. आधी स्विच बंद करून प्लग काढा. सायफननं टाकीतलं पाव पाणी या बादलीत काढा. स्पंज सरळ वर उचललात तर गाळाचा ढग टाकीभर होईल, म्हणून टाकीत हात घालून त्याच्याभोवती प्लास्टिकची पिशवी चढवा आणि पिशवीसकट बाहेर काढा. आता बादलीतल्या त्या पाण्यात स्पंज बुडवा आणि तळव्यांनी दाबा, सोडा, दाबा, सोडा. पाणी गडद तपकिरी होईल. तीन-चार वेळा झालं की थांबा. स्पंज तपकिरीच राहणार आणि राहायलाच हवा. पाणी त्यातून सहज आरपार जायला लागलं, एवढंच आपल्याला हवं होतं.

तो गाळ नाकाजवळ नेऊन पाहा. ओल्या मातीसारखा वास आला तर सगळं छान चाललंय. सडक्या अंड्यासारखा आला तर आत ऑक्सिजन पोहोचत नव्हता. पुढच्या वेळी आठवडाभर लवकर धुवा आणि खाद्य कमी करा.

दोन स्पंज असतील तर आज एक, दोन आठवड्यांनी दुसरा. रिंगांना तर वर्षातून दोन-तीनदाच, त्याच पाण्यात नुसतं हलवून काढा, घासू नका. वूल फेकून नवं घाला, पण स्पंज धुतला त्याच दिवशी नको. मोटारीचा फिल्टर असेल तर इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं छोटं चक्र, बाहेर काढून त्याच्या दांड्यावरचा बुळबुळीत थर जुन्या टूथब्रशनं काढा. आवाज करणारी मोटार बरेचदा एवढ्यानंच शांत होते. ही जागा नळाच्या पाण्यानं धुतली तरी हरकत नाही.

हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत आटपा. रिंगा किंवा स्पंज बाहेर सुकता कामा नयेत. बादलीतलं पाणी कुंड्यांना घाला. तुळस, जास्वंद, कढीपत्ता, सगळ्यांना चालतं.

स्पंज फाटला, चुरा व्हायला लागला तर नवा घ्यावाच लागेल. नवा आणि जुना महिनाभर एकत्र चालू ठेवा, मगच जुना काढा. दर महिन्याला सगळं मटेरियल बदलायला सांगणाऱ्या पाकिटांवरच्या सूचनेकडं दुर्लक्ष करा. तो नियम फार तर ॲक्टिव्हेटेड कार्बनला लागू आहे, आणि कार्बन रोजच्या वापरात लागतही नाही. औषध दिल्यानंतर ते पाण्यातून काढायला तो ठेवा.

वीज गेली तर

जिवाणूंना ऑक्सिजन लागतो, भरपूर लागतो. पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथं आणखी थोडा कमी. म्हणून मे महिन्यातल्या वळवाच्या संध्याकाळी वीज जाते तो काळ सगळ्यात नाजूक.

तास-दोन तास काही होत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर एअर पंप त्याच्यावर घ्या, लहान पंप पाच वॉटच्या आत चालतो. नसेल तर बॅटरीचा पंप आणून ठेवा. तोही नसेल तर मगानं पाणी वरून पुन्हा पुन्हा ओतत राहा, आणि वीज येईपर्यंत खाद्य बंद. उघडा स्पंज टाकीतच असल्यानं त्यातले जिवाणू बराच वेळ तग धरतात. बंद डब्याच्या कॅनिस्टरचं तसं नाही. आतला ऑक्सिजन संपला की जिवाणू मरतात आणि पाणी सडतं. चार-पाच तास बंद राहिला असेल तर वीज आल्यावर तसाच सुरू करू नका. आतलं पाणी ओतून द्या, रिंगा टाकीच्या पाण्यात हलवून घ्या, मग सुरू करा.

औषधं, आणि आकडा चढला तर

माशाला पांढरे ठिपके दिसले की मेथिलीन ब्लू सगळ्या टाकीत ओतायची सवय आहे. तसं करू नका. ते आणि अनेक अँटिबायोटिक्स फिल्टरमधल्या जिवाणूंनाही घातक ठरतात. ठिपक्यांच्या रोगाचे परजीवी टाकीभर पसरलेले असतात. त्यामुळे एक स्पंज बाजूला काढून टाकीत औषध ओतण्याऐवजी सगळे मासेच वेगळ्या टबात हलवा, तिथं एअर स्टोन आणि हीटर लावा, आणि रोज थोडं पाणी बदलत उपचार करा. त्या काळात रिकाम्या टाकीत दिवसाआड चिमूटभर खाद्य टाकत राहा, म्हणजे जिवाणू उपाशी राहणार नाहीत.

किटवर अमोनिया किंवा नायट्राइट अर्धा मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त दिसला तर लगेच तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदला, अर्थात क्लोरीन काढलेलं आणि जवळपास त्याच तापमानाचं. दोन दिवस खाद्य बंद. फिल्टरला अजिबात हात लावू नका. उद्या पुन्हा टेस्ट, गरज पडली तर पुन्हा पाणी. नायट्राइट चढलं असेल तर लिटरला १ ग्रॅम खडे मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. गोल्डफिश, गप्पी, मॉली यांना हे मीठ मानवतं. कोरीडोरास जातीचे मासे किंवा नाजूक झाडं असतील तर अर्ध्या मात्रेपासून सुरुवात करा.

नव्या टाकीत पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ झालं तर घाबरू नका. ते दुसरेच, पटापट वाढणारे जिवाणू असतात आणि काही दिवसांत आपोआप ओसरतात. टाकी उपसून धुतलीत तर पहिल्यापासून सुरुवात होईल.

गणपतीला गावी जाणार असाल तर फिल्टर निघायच्या आदल्या दिवशी धुऊ नका, आठवडाभर आधी धुवा, म्हणजे काही बिघडलंच तर तुम्ही घरी असाल. निरोगी मोठे मासे चार-पाच दिवस खाद्याशिवाय सहज राहतात. त्याहून जास्त दिवस जाणार असाल तर शेजारच्या काकूंकडं खाद्याचा डबा देऊ नका. प्रेमानं जास्त घातलं जातं आणि अमोनिया चढतो. दिवसाआड एक, अशा मोजक्या पुड्या बांधून द्या, त्यांवर तारखा घाला, आणि डबा कपाटात ठेवून जा.